उकडा वाढू का?

माझ्या नवऱ्याच्या नाकावर ब्रह्मपुरीच्या अर्ध्या धानबाजाराचा विश्वास, आणि त्या नाकाला कोरोनापासून कसलाही वास येत नाही ही गोष्ट फक्त मला ठाऊक. असा संसार मी करत होते.

नवऱ्याचं नाव धनराज. तोंडावर मी 'अवो' म्हणते, पण इथे धनराजच म्हणणार आणि अरे-तुरेही करणार. लिहिताना तरी बाईमाणसाला एवढी मुभा असावी. आमची राईस मिल आहे. ती आता पुतण्या पाहतो, त्याच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे. पण त्याआधी सगळी वर्षं मिल धनराजनेच चालवली, आणि ती नाकाने चालवली. मूठभर धान तळहातावर चोळायचा, डोळे मिटायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचा, हा पावसात सापडला होता, हा घाईने वाळवला, हा तांदूळ याच सालचा आहे, जुना म्हणून विकू नका. माझ्या सख्ख्या भावाची ट्रॉली त्याने फाटकातूनच परत पाठवली होती, ओल्या पोत्याचा वास येतो म्हणून. भाऊ दोन दिवाळ्या भाऊबीजेला आला नाही. मी रडले, भांडले, चार दिवस अबोला धरला. धनराज एवढंच म्हणाला, "पोतं ओलं होतं. मी काय करू?"

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि आम्ही दोघंही आडवे झालो. माझा वास परत आला, त्याचा आलाच नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, तिखट कळतं, तेवढंच. डॉक्टर झाले, नागपूर झालं, वाफा घेऊन घेऊन तोंड भाजलं. शेवटी एक दिवस तो अंगणात बसून म्हणाला, "ज्योत्स्ना, कोणाले सांगू नको." मी नाही सांगितलं.

पण लोक अजून मूठभर तांदूळ घेऊन दारात यायचे ना! पुतण्याचं यंत्र काही का म्हणेना, त्यांना धनराजचा शब्द हवा असायचा. म्हणून आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. उकडा म्हणजे उकडलेल्या धानाचा तांदूळ, शिजताना घरभर जड वास सुटतो. आणि चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा सुवासिक तांदूळ, तो शिजला तर शेजारीण विचारते, आज कोण पाहुणे? तेव्हा ठरलं असं, की वास मी घ्यायचा आणि वास चांगला असेल तर बोलण्यात चिन्नोर आणायचा, खराब असेल तर उकडा. पाहुण्यासमोर मी विचारायची, "अवो, जेवायला चिन्नोर टाकू ना?" की तो डोळे मिटून सांगायचा, माल चांगला आहे. दुधाला हीच युक्ती, मासोळीला हीच. एकदा नणंदेने खवट तुपातले लाडू पुढे केले. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्याकडं उकडा मिळते का हो आता?" धनराजने लाडू खाली ठेवला आणि नणंदेने दुसऱ्या दिवशी उकड्याचं अख्खं पोतं पाठवून दिलं. ते अजून संपलेलं नाही.

आता लालसूभाऊंबद्दल सांगते. लालसूभाऊ भामरागडकडचे, माडिया. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकायला आले तेव्हा हॉस्टेलच्या एकाच खोलीत हे दोघं राहायचे. पुढे लालसूभाऊ मुख्याध्यापक झाले, निवृत्त झाले, गडचिरोलीला घर बांधलं, पण धनराजच्या नाकाची गोष्ट सांगणं काही थांबलं नाही. गोष्ट अशी, की कॉलेजच्या सुट्टीत धनराज त्यांच्या गावाला गेला. लालसूभाऊंच्या वडिलांनी पानाच्या द्रोणात मोहाची दारू पुढे केली. धनराजने नुसता वास घेतला आणि म्हणाला, याच्यात पाणी विहिरीचं नाही, नदीचं आहे. वडील चाट पडले. ही मूळ गोष्ट. गेल्या काही वर्षांत ती फार वाढली. आता त्यात धनराज नदीचं नाव सांगतो, आणि पाणी कुठल्या वळणावर भरलं तेही.

लालसूभाऊंची आणखी एक खोड वाढली होती. दर उन्हाळ्यात ते लाडवांसाठी मोहफुलं आणतात. पूर्वी न सांगता यायचे. अलीकडे फोनवर फोन. "धनराज, मोहा घेऊन निघालो." "आरमोरीत आहो, मोहा संगं आहे." "फाटकापाशी आलो, मोहाची पिशवी हातात आहे." मी म्हणायची, मास्तरांना निवृत्तीनंतर काम उरलेलं नाही, दुसरं काय.

तर या डिसेंबरात त्यांचा फोन आला. त्यांची मुलगी दीपिका फ्रान्समध्ये असते. दिजों म्हणून गाव आहे, तिथे ती वाईन आंबवणाऱ्या यीस्टवर संशोधन करते. शिकली असेल ती तिकडे, पण वास घ्यायची बाराखडी तिने आमच्या मिलमध्ये पोत्यांवर बसून गिरवली, धनराजच्या हाताखाली. ती सुट्टीवर येत होती. येताना तिच्या घरमालकिणीने तळघरातल्या दोन बाटल्या दिल्या होत्या, एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या, १९९९ च्या. म्हातारीचं म्हणणं, ज्यांच्यासोबत जेवायला आवडतं त्यांच्यासोबतच उघड.

"पंचवीसच्या वर सालं झाले त्या वाईनले," लालसूभाऊ फोनवर ओरडत होते. "पोरगी म्हणते, काकाच्या नाकाबिगर बूच काढाचं नाई."

"आणा ना," धनराज म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उतरला.

गडचिरोलीला दारूबंदी. मास्तरांनी जन्मभर त्या बंदीच्या बाजूने भाषणं दिलेली, ते काही पुलापलीकडे थेंब नेणार नाहीत. म्हणून बाटल्या नागपूरच्या विमानतळावरून थेट आमच्याकडे उतरल्या आणि दीपिका पुढे वैनगंगा ओलांडून आईबापाकडे गेली. जाताना बजावून गेली, "काकू, उभ्याच ठेवा. हलवू नका. जुन्या वाईनमध्ये गाळ असतो, तो तळाला बसू द्या." मी त्या तांदळाच्या खोलीत ठेवल्या, तिथे गारवा असतो. येणारी जाणारी प्रत्येक बाई विचारायची हे काय, आणि मी सांगायची, औषध आहे.

एका दुपारी खोलीत गेले तर धनराज बाटलीपुढे वाकून उभा होता. नाक बुचाला लावलेलं, डोळे मिटलेले. 

"पोरीले समजन," तो म्हणाला. "ती आता शिकलेली आहे. तिले फसवता नाई येणार."

"समजलं तं समजलं. नाक गेलं तुमचं, अब्रू तं नाई गेली."

"तसं नाई. लालसू साऱ्या गडचिरोलीले माह्या नाकाच्या गोष्टी सांगते. पोरीले त्याच गोष्टी सांगून वाढवलं त्यानं. मले वास येत नाई म्हटलं का त्या गोष्टी संपल्या. त्याच्यापाशी काय राह्यन मंग सांगाले?"

मला म्हणायचं होतं, की पुष्कळ राहील. पण तो इतका खरोखरीचा घाबरला होता की मी म्हटलं, "मी आहो ना. चिन्नोर नाई तं उकडा. नेहमीसारखं."

"फ्रान्सची वाईन उकडा काऊन असन?" तो म्हणाला, आणि जरा हसला.

शनिवारी संध्याकाळी तिघं आले. लालसूभाऊ, दीपिका आणि रुखमाबाई. रुखमाबाई म्हणजे लालसूभाऊंच्या घरातून. अंगणवाडी सांभाळून निवृत्त झाल्या. बोलतात थोडं, पण बोलल्या की पुन्हा सांगावं लागत नाही. मी गावरान कोंबडीचा रस्सा केला होता, आयते, म्हणजे तांदळाची घावनं, केले होते, लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते आणि चिन्नोरचा भात लावला होता. दीपिकाने रश्श्याचा रंग पाहिला आणि हात जोडले. "काकू, हा नंतर. आधी वाईन. नाहीतर जिभेला काही कळणार नाही." मग वडे आणि कोरा भात तेवढा पुढे ठेवला. ग्लाससुद्धा तिनेच आणले होते, लांब देठाचे. ते पाहून रुखमाबाई म्हणाल्या, "हे घासाचे कसे?"

पहिल्या बाटलीचं बूच अर्ध्यातच मोडलं. दीपिकाने उरलेलं हळूहळू काढलं, नाकाशी नेलं. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. काही न बोलता तिने ओतलं, बाटली अजिबात न हलवता, गाळ बाटलीतच ठेवून. रंग विटकरीकडे झुकलेला लाल. लालसूभाऊ ग्लास घेऊन उंबऱ्यापाशी गेले, बोट बुडवून अंगणातल्या मातीवर चार थेंब शिंपडले. कुठलंही पेय असो, आधी पुरखे, मग आपण, ही त्यांची रीत. हॉस्टेलमध्ये ते लिंबू-सरबतही असंच शिंपडायचे, असं धनराज सांगतो.

"आता धनराज," ते येऊन बसले. "आधी तू. मंग आमी."

मी घाईने माझा ग्लास नाकाशी नेला.

ओलं पोतं. दुसरं काही नाही. मिलच्या मागच्या शेडमध्ये पावसाळ्यात विसरलेलं पोतं उचललं की जो वास येतो, तोच. माझ्या भावाच्या ट्रॉलीचा वास. हा ओळखायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पुन्हा हुंगून पाहिला, तरी तोच. आणि पहिला विचार आला तो हा, की माझ्याच तांदळाच्या खोलीत ठेवल्यामुळे तर नाही ना लागला?

"अवो," मी म्हटलं, "उकडा वाढू का?"

धनराजचा हात ग्लासावरच थांबला. पण तो काही बोलायच्या आत लालसूभाऊंनी ताट पुढे केलं. "उकडा केला वहिनी? वाढा ना! मले तं उकडाच आवडते."

"काकू, उकडा आहे?" दीपिका म्हणाली. "तिकडे गेल्यापासून खाल्ला नाही मी."

आता घरात शिजलेला उकडा एक शीतही नव्हता. मी म्हटलं, "आहे, आहे, शिजून राह्यला," आणि धनराजकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तो ग्लास हळूहळू नाकाशी नेत होता, अगदी पूर्वीसारखा, डोळे मिटून. लालसूभाऊ पुढे झुकले होते. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा असा की उद्या शाळेला सुट्टी आहे का एवढंच ऐकायचं राहिलंय. मी मनात म्हटलं, आता हा सांगेल. याने सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नाही, हा सांगणारच.

धनराजने डोळे उघडले, लालसूभाऊंकडे पाहिलं आणि म्हणाला, "वा. लय चांगली आहे."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"काय काय येऊन राह्यलं?" लालसूभाऊंनी विचारलं.

"जंगल," धनराज म्हणाला. "पालापाचोळा. जुनं लाकूड." कुठे तरी वाचलेलं तो बोलत होता आणि बोलताना ताटाकडे पाहत होता. लालसूभाऊंनी मोठा घोट घेतला, जरासे थांबले आणि म्हणाले, "बरोबर! जंगलच आहे!" रुखमाबाईंनी घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि वडा उचलला. 

मी स्वयंपाकघरात पळाले. नणंदेच्या पोत्यातून वाटीभर उकडा काढला, धुवायला घेतला. पाठोपाठ दीपिका आली.

"काकू, उकडा तर तुम्ही आत्ता धुताय."

"हो, मंग?"

"ती वाईन खराब आहे." ती हळू बोलत होती. "बुचालाच दोष असतो कधी कधी. तुमच्या खोलीचा काही संबंध नाही. मला बूच काढतानाच कळलं. मी काकांसाठी थांबले होते. मला वाटलं, काका म्हणतील, पोरी, हे पोतं ओलं आहे. आणि काका म्हणाले, चांगली." तिने माझा हात धरला. "काकू, काकांना वास येत नाही का?"

मी कुकरचं झाकण शोधत राहिले. ते समोरच होतं.

"त्याइले माहीत होतं खराब आहे," मी शेवटी म्हटलं. "मीच सांगतलं. उकडा म्हणजे खराब. चिन्नोर म्हणजे चांगलं. आमचं असंच चालते."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग जी हसायला लागली! तोंडावर ओढणी धरून हसली, हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ओढणीनेच डोळे पुसले. मलाही रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. इतके दिवस एकटीने उचललेलं ओझं कोणीतरी दुसऱ्या बाजूने धरलं, त्याचं होतं. कुकर गॅसवर चढवून आम्ही बाहेर आलो.

"दुसरी बाटली काढते," दीपिका म्हणाली. "पहिली संपवायची गरज नाही."

या वेळी बूच अख्खं निघालं. तिने हुंगलं आणि काही दाखवलं नाही, पण माझ्या पायाला तिचा पाय लागला. ओतल्यावर मी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिले. काय सांगू! तीच वाईन, तेच साल, आणि कुठे ते पोतं आणि कुठे हे. एकामागून एक वास येत होते, एकाला धरावं तर दुसरा पुढे. माझ्या तोंडून जवळजवळ ओरडून निघालं, "चिन्नोर! चिन्नोर वाढते मी सगळ्याइले!"

काम झालं होतं. आता धनराजने डोळे मिटायचे, चांगली आहे म्हणायचं, आणि या वेळी ते खरंही असणार होतं. लालसूभाऊंची गोष्ट गडचिरोलीला जाऊन आणखी वाढली असती. धनराजने ग्लास उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग डोळे उघडून ग्लास खाली ठेवला.

"लालसू, मघाची वाईन खराब होती."

दीपिकाने हातातली बाटली खाली ठेवली. धनराज पुढे बोलतच राहिला.

"ओल्या पोत्याचा वास होता तिले. अन् ते बी मले नाकानं नाई समजलं, हिनं सांगतलं. मले वास येत नाई लालसू. कोरोनापासून काहीच येत नाई. ना मोहा, ना धान, ना हे." त्याने ग्लास जरा पुढे सरकवला. "ते लपवलं, त्याचं एवढं नाई. पण आजपर्यंत ओलं पोतं मी कोणाचंच पास नाई केलं. आज तुह्यं केलं. तुह्या तोंडाकडं पाह्यलं अन् करून टाकलं. ते माह्याच्यानं पचून नाई राह्यलं."

आत कुकरची शिटी झाली. लालसूभाऊंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. एक काच पुसून झाली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली घेतली.

शेवटी रुखमाबाई बोलल्या. "भाऊ, मोहा आणाच्या आधी हे तुमाले इतले फोन काऊन करते, कधी इचार केला का?"

धनराज त्यांच्याकडे पाहायला लागला. मीसुद्धा.

"तू गप बस," लालसूभाऊ म्हणाले.

"मी काऊन गप बसू? तुमीच सांगा मंग."

लालसूभाऊंनी चष्मा घातला. "अबे, पहिले मी आलो का तू मिलच्या मांगून ओरडे, 'लालसू, मोहा आणला का!' पिशवी दिसाच्या आधी ओरडे. अन् कोरोनाच्या दुसऱ्या साली मी पिशवी घेऊन तुह्यापुढं उभा, अन् तू म्हणते, 'काय आणलं रे?'" त्यांचा आवाज जरा घसरला. "तितीच समजलं मले. मंग म्हटलं, आपणच आधी सांगत जाऊ, तं तुले इचारा लागणार नाई."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू बोलला का?"

"अन् त्या नदीच्या गोष्टी? दरवेळी वाढवून वाढवून?"

"तुले वाटलं पाह्यजे ना, का याले काई माहीत नाई."

"अन् तरी ही बाटली माह्यापुढं आणली?"

"पोरीचा हट्ट. नको म्हटलं असतं, तं तुले समजलं असतं, का मले समजलं."

मी कपाळावर हात मारला. दोन म्हातारे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते, एक फोन करकरून आणि दुसरा डोळे मिटमिटून. आणि मध्ये मी! "म्हणजे मी इतके साल उकडा-उकडा करून मरून राह्यली ते कशासाठी?" मी तडकलेच. "माह्या नणंदेनं पोतंभर उकडा पाठवला! मले उकडा आवडत नाई, अन् मी खाऊन राह्यली!" आधी दीपिका हसली, मग रुखमाबाई, मग धनराज. लालसूभाऊ हसता हसता एकदम उठले. "आगा बापा! म्हणजे पुरख्याइले मी ओलं पोतं पाजलं!" आणि नव्या वाईनचा ग्लास घेऊन अंगणाकडे धावले, चार थेंब शिंपडले, हात जोडून काहीतरी पुटपुटले. माफीच मागितली असणार.

परत येऊन बसले तर धनराजचा ग्लास तसाच.

"काका, घ्या ना," दीपिका म्हणाली. "माझ्या घरमालकीण मादामकडे अशी जुनी बाटली उघडली की कोणी नुसतं पीत नाही. ज्याला जो वास आला तो त्याने मोठ्याने सांगायचा. मला जो येत नाही तो तुम्ही सांगता, तुम्हाला येत नाही तो मी. सगळे वास एकाच नाकाला येत नाहीत."

"मले एकही नाई येत," धनराज म्हणाला.

"मग आम्ही सगळे सांगतो."

लालसूभाऊंनी ग्लासात नाक घातलं. चांगलं आतपर्यंत घातलं. "मोहा," ते म्हणाले.

"पडलेला का वाळलेला?" धनराजने विचारलं. विचारायचं म्हणून नव्हे, ते आपसूकच निघालं. मिलमध्ये कामाला आलेल्या पोरांना तो असंच विचारायचा.

लालसूभाऊंनी पुन्हा नाक घातलं. "वाळलेला."

"अंगणात पसरवलेला, का कणगीतला?"

"थांब." तिसऱ्यांदा. "कणगीतला. झाकण काढलं का पहिला जो येते ना, तो."

धनराजने डोळे मिटले आणि छोटा घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, मग गिळला. "हं," म्हणाला. "पुढं."

"सात्या," रुखमाबाई म्हणाल्या, म्हणजे पावसाळी अळंबी. "बांबूच्या बेटातल्या. मातीसकट उपटलेल्या."

"धुतल्या नाई अजून?"

"नाई धुतल्या."

पुन्हा एक घोट. "ज्योत्स्ना, तू सांग."

 मी म्हटलं, "बोरकूट येते. आई डब्यात भरून ठेवे, तसं. अन् वाळलेला गुलाब, लग्नातल्या हारातला, आपण फेकला नाई तो." कोणाचं लग्न ते मी सांगितलं नाही. त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहून घोट घेतला आणि सगळ्यांसमोर माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्याने चारचौघांत कधी असं केलं नव्हतं. मला त्याचं इतकं प्रेम आलं की ग्लास खाली ठेवावा लागला.

मग तो आम्हा सगळ्यांना जे कामाला लावायला लागला! तेंदूपान येतं म्हणता, तर बांधलेलं का मोकळं? जांभूळ म्हणता, तर पिकलेलं का जमिनीवर फुटलेलं? दीपिका एकदा 'चामडं' म्हणाली, तर म्हणे, नव्या चपलेचं का जुन्या बैलाच्या पट्ट्याचं? चुकलं तर पुन्हा हुंगायला लावायचा. लालसूभाऊंचं नाक ग्लासातून वर येत नव्हतं. कोणाला खरंच काय येत होतं आणि कोण धनराजसाठी पदरचं घालून सांगत होतं ते मी तपासलं नाही. लालसूभाऊ शेवटी म्हणाले, "अन् याच्यात पाणी विहिरीचं नाई, नदीचं आहे," आणि धनराज इतका हसला की त्याला ठसका लागला.

तेवढ्यात मला कुकरची आठवण झाली. मध्येच उठून गॅस बंद करून आले होते, पण झाकण काढलं नव्हतं. काढलं तर वाफेचा जड लोट तोंडावर आला, बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. शिजवलाच आहे तर वाढावा, म्हणून पातेलं घेऊन बाहेर आले. लालसूभाऊंना वाढला, दीपिकाला वाढला आणि सवयीने धनराजपाशी येऊन म्हटलं, "उकडा वाढू का?"

धनराजने पटकन ग्लास बाजूला सारला.

सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. त्यालाही मग लक्षात आलं. कानापर्यंत लाजला आणि ताट माझ्यापुढे केलं.

"वाढ," तो म्हणाला. "अन् वास कसा येऊन राह्यला ते सांग."